पहिली गोळी धरायची नाही

शुगर लँड, टेक्सास
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

शैलाताई,

बातमी आधी, ख्यालीखुशाली नंतर. काल सकाळी सहाशे यार्डांवरची दीड फुटी पोलादी प्लेट मी सलग पाच वेळा वाजवली. सहाशे यार्ड म्हणजे पाचशे अठ्ठेचाळीस मीटर चौसष्ट सेंटिमीटर. तू "साधारण अर्धा किलोमीटर" म्हणशील, म्हण. ट्रिगर ओढल्यावर अडीच सेकंदांनी 'टण्ण' ऐकू येतं. तेवढ्या वेळात माणूस एक अख्खं आयुष्य जगतो.

रायफल तीच, पॉइंट टू टू थ्री. गोळी पाच ग्रॅमची, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा बारीक. नेमबाजीच्या रेंजवरचे दाढीवाले बुवा तिला ससे-कोल्ह्यांची बंदूक म्हणतात. काल ते माझ्या मागे उभे राहून बघत होते. एकाने विचारलं, "मो, तुला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, कोणी नाही. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा आयटीआय मी अमरावतीला केला, बाकी सगळं आपलं आपण. आज पाइपलाइनवरचा मीटर चुकतोय की तेल चुकतंय हे विचारायला पीएचडीवाले माझ्या टेबलाशी येतात, तसंच हे.

युक्ती म्हणशील तर कामावरचीच. मीटर तपासताना पहिला रन, म्हणजे पहिली मोजणी, धरायचा नसतो. पाइप, तेल, तापमान, सगळं स्थिरावू द्यायचं, मग मोजायचं. बंदुकीचंही तेच. दिवसाची पहिली गोळी नळी गरम करण्यापुरती, ती वहीत खोडायची. दोनपासून अकरापर्यंत मोजायच्या. असे अकरा दिवस झाले.

आता पुढचं. डेल आठवतो ना, आमचा रिटायर्ड फोरमन? मेसनजवळ त्याचं तीनशे एकर रान आहे. नोव्हेंबरात हरणांचा सीझन, त्याने बोलावलंय. टेकडीच्या एका अंगावर बसायचं, समोरच्या अंगावर हरणं चरतात. मधलं अंतर चारशे यार्ड. लायसन्स, कोर्स, सगळं झालंय.

मीनाक्षी म्हणते, शैलाताईंना विचारलंत का? विचारत नाही, कळवतोय. पण तू जनावरांची डॉक्टर, म्हणून तुझं मत ऐकायला हरकत नाही.

तुझा,
मोरेश्वर

•

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
शनिवार, २८ सप्टेंबर

मोरू,

पाच वेळा प्लेट वाजवलीस, मनापासून शाबास. आत्याची पोरगी म्हणून एवढं कौतुक. पुढचं डॉक्टर म्हणून.

मी शिकारीच्या विरोधात नाही. तुझ्या लग्नात मटण कमी पडलं तेव्हा मांडवात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. खायला मारायचं तर मार. पण अर्धं मारू नको.

मागच्या आठवड्यात इमर्जन्सीला एक कुत्रा आला. कोणीतरी लांबून कोल्हा समजून गोळी घातली होती. अशीच बारीक गोळी. मारणारा कदाचित तुझ्यासारखाच हुशार असेल. मागच्या पायाचं हाड काचेसारखं फुटलेलं, आणि ते बिचारं दोन दिवस झुडपात पडून होतं. चार तास मी टेबलाशी उभी होते. वाचला, तीन पायांवर.

हरणाचा जीव जाण्याची जागा, म्हणजे काळीज आणि फुप्फुसं, नाश्त्याच्या डिशएवढी असते. जाड गोळी जरा इकडेतिकडे लागली तरी काम करते. बारीक गोळीला माफी नाही, त्यात चारशे यार्डांवर तिचा जोर निम्म्याच्या खाली आलेला असणार. हे तू मला आकड्यांत सांगशीलच. आणि तुझी पोलादी प्लेट गवत खाता खाता एक पाऊल पुढे टाकत नाही रे.

मला एकच सांग. किती अंतराला तू "नाही" म्हणणार? शिकाऱ्याला तो आकडा आधी माहीत पाहिजे, समोर जनावर आल्यावर नाही.

मीनाक्षीला सांग, मेथीचे लाडू पोचले, दोन शिल्लक आहेत.

शैला

•

शुगर लँड
शनिवार, १२ ऑक्टोबर

शैलाताई,

तू कुत्र्याची गोष्ट सांगितलीस, मी आकडे सांगतो.

चारशे यार्डांवर गोळीचा वेग सेकंदाला एकोणीसशे फूट. जोर निम्म्याच्या खाली, बरोबर, पण पुरेसा. पोचायला लागतो अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ. एवढ्यात चरणारं हरीण फार तर मान हलवतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा गोळीला पंधरा इंच ढकलतो, म्हणून वाऱ्याचं मीटर घेतलंय. अंतर लेझरने मोजतो. अंदाज नावाची गोष्ट माझ्याकडे नाही.

दहा इंची प्लेट, चारशे यार्ड, अकरा दिवस, मोजलेल्या गोळ्या एकशे दहा. लागल्या एकशे चार. शेकडा चौऱ्याण्णव पूर्णांक पाच. सोबत वहीच्या अकरा पानांची झेरॉक्स जोडली आहे. कोणती गोळी कुठे गेली ते पेन्सिलने दाखवलंय.

तुझा आकडा: चारशे पन्नास यार्ड. त्यापुढे "नाही". हा मनातून आलेला नाही, वहीतून आलाय.

राग मानू नकोस, पण लोक कॉलेजात जाऊन जे शिकतात ते सगळंच तपासून बघतात असं नाही.

मोरेश्वर

ता. क. मीनाक्षी लाडू पुन्हा पाठवतेय. डिंक जास्त घातलाय, तुझ्या गुडघ्यांसाठी, असं म्हणते.

•

शुगर लँड
रविवार, १७ नोव्हेंबर

शैलाताई,

डेलकडून परत येऊन आठ दिवस झाले. वारा फार होता. काही मिळालं नाही.

बंदूक साफ करून कपाटात ठेवली. परसातल्या वांग्यांना अजून फुलं येतायत. इथे थंडी म्हणून नाही. ऑफिसात काम बरंच आहे, सध्या रेंजवर जाणं होणार नाही.

तुझे गुडघे कसे आहेत?

मोरेश्वर

•

कॅरी
रविवार, २४ नोव्हेंबर

मोरू,

तुझं छोटं पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वारा होता आणि तू ट्रिगर ओढला नाहीस! सहाशे यार्डांवर प्लेट वाजवणारे पुष्कळ असतील. पाच तास गाडी चालवून जायचं, समोर जनावर बघायचं आणि वाऱ्याकडे बघून "नाही" म्हणायचं, हे करणारे थोडे. मी तुला उगाच लागट बोलले. तू खरा शिकारी निघालास.

इथे दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ रिकाम्या हाताने आला म्हणून मी पेढे वाटतेय. त्यांना काही कळलं नाही, पेढे मात्र खाल्ले.

गुडघे उत्तम. डिंकाची कृपा.

शैला

•

शुगर लँड
५ डिसेंबर

प्रिय शैलाताई,

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहितेय. तुमचं मागचं पत्र आल्यापासून हे जास्तच गप्प झालेत. मला वाटलं होतं खूश होतील. वाचलं, घडी घातली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले.

जेवण धड नाही. परवा मटण केलं तर पानावरून उठले. मी म्हटलं, अहो, झालंय काय, घरात सुतक आहे का? तर म्हणाले, "असेलही."

काल गॅरेज झाडताना त्यांच्या मीटरच्या पेटीत एक प्लॅस्टिकची पिशवी सापडली. आत पांढरे केस आहेत, जनावराचे. वर लेबल, त्यांच्याच अक्षरात: "९-११-२०२४, सकाळी ७.२२, ४१२ यार्ड." मी होती तिथे ठेवली. तुम्हीच काय ते बघा.

तुमची,
मीनाक्षी

•

कॅरी
१० डिसेंबर

मोरू,

पिशवी मला पाठव. सोबत काय काय झालं ते लिही. मीटर तपासल्यावर रिपोर्ट लिहितोस तसा, काही न गाळता. मीनाक्षीवर चिडू नकोस.

शैला

•

शुगर लँड
शनिवार, १४ डिसेंबर

शैलाताई,

पिशवी सोबत आहे. मीनाक्षीवर चिडलो नाही. चिडायला तोंड पाहिजे.

रिपोर्ट:

शनिवार ९ नोव्हेंबर, सकाळी सात. डेल आणि मी टेकडीच्या माथ्यावर. आदल्या दिवशी मी नळी आरशासारखी साफ केली होती, नेहमी करतो तशी. वारा ताशी सहा मैल, डावीकडून, तसा हिशोब करून बंदुकीवरची दुर्बीण जुळवली. सात वाजून पंधरा मिनिटांनी समोरच्या उतारावर नर आला. डाव्या शिंगाचं एक टोक मोडलेलं. लेझरने अंतर ४१२.

डेल म्हणाला, "मो, सुंदर आहे. पण लांब आहे. ओढ्यातून वाकून गेलास तर शंभरापर्यंत पोचशील, वेळ आहे."

मी म्हटलं, "गरज नाही."

ताई, हे दोन शब्द मी गेला महिनाभर रोज ऐकतोय.

सात बावीसला मारली. तो कमानीसारखा वर उडाला आणि खाली जुनिपरच्या झाडीत घुसला. 'टण्ण' नाही, 'थप्' नाही, कसलाच आवाज आला नाही. अडीच सेकंद मोजले, पाच मोजले. डेल दुर्बिणीतून बघत होता. म्हणाला, "कुठेतरी लागली."

खाली गेलो. तो उभा होता त्या जागी चिमूटभर पांढरे केस. रक्त नाही. झाडीत शिरलो. डेलला सत्तरी उलटलीय, तो गुडघ्यांवर रांगत एकेक पान उलटून बघत होता. शेजारच्या रानातून माग काढणारी कुत्री आणली. तिने दोनशे पावलं माग धरला आणि ओढ्याच्या पाण्याशी सोडला. दुपारी चारपर्यंत, म्हणजे साडेआठ तास, शोधलं. एक थेंब मिळाला नाही.

डेल म्हणाला, "होतं असं कधीकधी, मो." तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

नंतर वाचलं: पांढरे केस म्हणजे पोट. पोटात लागलेलं हरीण मरायला एक दिवसही घेतं, कधी जास्त. कुठेतरी झाडीत पडून. तुझ्या कुत्र्यासारखं, फक्त त्याला कोणी टेबलावर आणत नाही.

तुला खोटं लिहिलं नव्हतं, वारा होता आणि काही मिळालं नाही. पण तू मला शाबासकी दिलीस आणि पेढे वाटलेस. ते पत्र मी फेकू शकत नाही आणि वाचूही शकत नाही.

बंदूक विकायला काढतोय. आधी एवढंच कळू दे, त्याचं काय झालं असेल? मला बरं वाटेल असं लिहू नकोस. खरं लिही.

मोरेश्वर

•

कॅरी
रविवार, २२ डिसेंबर

मोरू,

तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही लिहिलंय का?

केस मायक्रोस्कोपखाली बघितले. एकूण एक्केचाळीस. तू मोजले असशीलच. सगळे मधूनच कापले गेलेत, कात्रीने छाटावेत तसे. एकाच्याही मुळाशी कातडीचा कण नाही. रक्त नाही, चरबी नाही, पोटातली घाण नाही. गोळी पोटात शिरली असती तर ह्यातलं काही ना काही केसांवर सापडतंच. ते कमानीसारखं उडणंही पोटात लागल्याचं असू शकतं, नाही असं नाही, पण पोटात लागलेलं जनावर सहसा कुबड काढून जड जड चालत जातं. तुझा गडी पळत सुटला. कुत्रीला दोनशे पावलांत एक थेंब सापडला नाही.

माझं मत: गोळी पोटाखालून केस भादरून गेली. खात्री नव्वद टक्के. शंभर म्हणणार नाही, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही. डेलला सांग, ओढ्यापाशी आणि जिथे दाणे टाकतो तिथे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लाव. मोडक्या शिंगाचा आहे, लगेच ओळखू येईल.

आता दुसरं. ऑक्टोबरात तू झेरॉक्स पाठवलीस, ती मी चाळून ठेवून दिली होती. तुझ्या "कॉलेजात जाऊन" वर मी फणफणले होते, त्या नादात. काल चहा घेऊन एकेक पान बघितलं. मोरू, तुझ्या प्रत्येक पानावर मोजणी दोनपासून सुरू होते. एक नंबरवर काट.

पण तू इतका काटेकोर की खोडलेली गोळीसुद्धा कुठे गेली ते पेन्सिलने दाखवलंयस. मी अकरा टिंबं एका कागदावर उतरवून काढली. अकरापैकी नऊ खाली. सहा ते दहा इंच खाली, प्लेटच्या बाहेर. दोनपासून पुढे नळी तापलेली, साफसफाईचं तेल जळून गेलेलं, तुझा हात बसलेला. तेव्हा तू राजा. पण त्या हरणासाठी तू आधी नळी तापवायला एक गोळी झाडली होतीस का? साफ, थंड नळीतून आलेली ती पहिलीच होती. आणि ती तुझ्या वहीत जिथे नऊ वेळा गेली, तिथेच गेली. खाली.

पाइपमधलं तेल थांबतं, दुसरा रन देतं. जनावर पहिल्या रनलाच संपतं किंवा जातं.

तुझी वही चांगली आहे रे. मी इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ नोंद कोणाची बघितली नाही, माझीसुद्धा नाही. चुकलं ते एकच, तुझ्या कामावरची चांगली सवय तू चुकीच्या जागी नेलीस. आणि मी पानं वेळेवर बघितली असती तर ऑक्टोबरातच सांगितलं असतं. तेवढी चूक माझ्याकडे लागू.

बंदूक विकू नकोस. अजून तरी नको.

शैला

•

शुगर लँड
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ताई,

जिवंत आहे.

जिवंत आहे, जिवंत आहे. आकडे नंतर.

आज डेलचा फोन आला. मी लंचला गाडीत बसलो होतो. तो म्हणाला, "मो, तुझा मित्र मका खायला आलाय." फोटो सोबत पाठवतोय, प्रिंट काढून आणली. २ जानेवारी, सकाळी ६.४८. डावं शिंग बघ, तेच टोक मोडलेलं. पुढच्या पायांच्या लगेच मागे, पोटाखाली आडवी भादरलेली पट्टी दिसते, तिथे नवे केस आखूड आलेत. जखम नाही. चौपन्न दिवस झाले होते, आणि तो चांगला गलेलठ्ठ आहे. दुसऱ्या फोटोत तर एका तरुण नराला ढुशी देऊन हाकलतोय.

मी पार्किंगमध्ये गाडीतून उतरलो आणि उगाच दोन फेऱ्या मारल्या. आमचा एक पीएचडीवाला जात होता, त्याने विचारलं, "ऑल गुड, मो?" मी त्याला मिठी मारली. तो अजून विचार करत असेल.

घरी येऊन मीनाक्षीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "हा तर तुमच्यापेक्षा बरा दिसतो." मग जेवलो. दोनदा भात घेतला.

वहीचं तू म्हणतेस ते बरोबर आहे. पहिल्या दिवशी पटलं नाही, म्हणजे पटलं पण कबूल व्हायला तीन दिवस लागले. तू मोजलेली टिंबं माझ्या पानांवर पडताळून बघितली. नऊ नाहीत, साडेनऊ. एक प्लेटच्या कडेला चाटून गेली होती.

आता नवा नियम. दर शनिवारी रेंजवर जायचं, साफ थंड बंदुकीने एकच गोळी झाडायची आणि परत यायचं. सव्वा तास जायचं, एक गोळी, सव्वा तास यायचं. प्लेट नाही, नाश्त्याची कागदी डिश लावायची, तू म्हणालीस त्या मापाची. परवा पहिला शनिवार झाला. दाढीवाले विचारत होते, "मो, बंदूक बिघडली का?" मी म्हटलं, नाही, बंदूक ठीक आहे.

मोरेश्वर

•

शुगर लँड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

शैलाताई,

चाळीस शनिवार झाले, चाळीस गोळ्या. सोबत चाळीस डिशचं पार्सल पाठवलंय, प्रत्येकीवर तारीख आणि अंतर आहे. बघ, म्हणजे ह्या वेळी लगेच बघ. चारशे यार्डांवर पाचपैकी एक. तीनशेवर सातपैकी तीन. दोनशेवर दहापैकी आठ. दीडशेवर अठरापैकी अठरा. "शेकडा" काढत नाही. त्या दोनशेवरच्या दहातल्या चुकलेल्या दोन माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

तू गेल्या वर्षी विचारला होतास तो आकडा: दीडशे यार्ड. तोही वारा नसताना, आणि जनावर आडवं, निवांत उभं असताना.

गेल्या शनिवारी डेलकडे गेलो. ह्या वेळी माथ्यावर नाही, ओढ्यात बसलो. साडेसातला तो आला. शिंगं ह्या वर्षाची नवी, पण डावीकडचं टोक परत वाकडंच निघालंय. डेल म्हणतो जुना मार असेल. आरामात चरत होता. लेझर लावला: २३१.

डेल कुजबुजला, "वारा नाही. आडवा उभाय. मागच्या वेळेच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे."

मी म्हटलं, "दीडशेच्या आत येऊ दे."

वीस मिनिटं बसलो. तो एकशे नव्वदपर्यंत आला, मान वर केली, आमच्या दिशेने बघितलं. मी बोट ट्रिगरपासून लांबच ठेवलं होतं. मग तो वळला आणि उताराने निवांत निघून गेला. पोटाखालची पट्टी पूर्ण भरून आलीय, काही दिसत नाही.

डेल म्हणाला, "आलाच नाही की रे."

मी म्हटलं, "नाही आला." आणि ताई, इतकं हलकं मला सहाशेची प्लेट वाजली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. थर्मासमधला चहा काढला, डेलला त्यात आलं चालतं आता.

संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आलो आणि ते पत्र काढलं, २४ नोव्हेंबर २०२४ चं, तुझ्या शाबासकीचं. वर्षभर पेटीत ठेवलं होतं, केसांची पिशवी होती त्याच कप्प्यात. शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलेलं आता सगळं खरं आहे, फक्त वारा नव्हता.

पेढे मात्र पुन्हा वाट. ते आधीचे चुकून वाटले गेले होते.

तुझा,
मोरू